ओरिजिनल पडलं, गावातलं उभं राहिलं: तळावलीच्या सांत आना चर्चची गोष्ट

आजचा एपिसोड एका इमारतीबद्दल आहे, आणि कानाने इमारत बघणं तसं अवघडच. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये जे मी हातवारे करत सांगितलं (आणि तुम्हाला अर्थातच दिसलं नाही), ते इथे लिहिताना जरा नीट मांडतोय. बसमध्ये, लोकलमध्ये वाचत असाल तर हरकत नाही, मध्येच स्टेशन आलं तरी धागा सुटणार नाही.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून.

गोव्यात जुने गोवे म्हणजे ओल्ड गोव्याला एक पडका मनोरा आहे. तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. लाल जांभ्या दगडाचा, उंच, एकटाच उभा, बाजूला सगळे अवशेष. सेंट ऑगस्टीनचा टॉवर. मला तो बघायचा होता. आता पोर्तुगीजमध्ये 'वेल्हा' म्हणजे जुना, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी हुशारी केली, मॅपवर 'गोवा वेल्हा' टाकलं आणि स्कूटर काढली. तासाभराने कळलं की 'वेल्हा गोवा' वेगळं आणि 'गोवा वेल्हा' वेगळं. पहिलं म्हणजे जुने गोवे, मांडवीच्या काठावरचं. दुसरं म्हणजे पणजी–मडगाव हायवेवरचं एक गाव, झुआरीच्या बाजूला. कदंब राजांची राजधानी गोपकपट्टण इथेच होती, म्हणजे नावातलं जुनेपण खोटं नाही, पण माझा टॉवर काही तिथे नव्हता. शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो हे रोज कोडमध्ये बघणाऱ्या माणसाने ही चूक करावी!

चहाच्या गाड्यावर एका काकांना विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले आणि म्हणाले, "पडलेला टॉवर बघायला इतके लांब कशाला जाता? उभे असलेले बघा की. सांतानाक वचात." म्हणजे, सांतानाला जा.

तर सांताना, म्हणजे तळावली गावातली सांत आनाची इगर्ज. गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात. सांत आना म्हणजे सेंट ॲन, मदर मेरीची आई, येशूची आजी. आजचा विषय हीच इगर्ज.

गोवा वेल्हाहून आत वळलं की थोड्याच अंतरावर तळावली येतं. तिसवाडी तालुक्यातलं गाव. भातशेती, माड, कौलारू घरं, एखादं कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलेलं. गोव्यातल्या गावात एक ठरावीक मापाचं पांढरं चर्च असतं, तसलंच काहीतरी मनात धरून मी चाललो होतो. आणि वळणावर एकदम हे समोर आलं. मी स्कूटर थांबवली. माप चुकलंय, असंच वाटलं आधी. म्हणजे एखाद्या राजधानीच्या चौकात शोभावी अशी इमारत कोणीतरी उचलून शेताच्या कडेला ठेवलीय.

समोरची भिंत, जिला आपण दर्शनी भाग म्हणू, ती एकावर एक पाच थरांची. दोन्ही कडांना चौकोनी मनोरे, तेही थरांथरांनी चढत गेलेले. प्रत्येक थरात खिडक्या किंवा कोनाडे, प्रत्येक थर संपतो तिथे एक आडवी ठसठशीत पट्टी. नजर आपोआप पायऱ्या चढल्यासारखी वर जाते. आत मात्र पाच मजले वगैरे काही नाहीत. एकच उंच दालन आहे. म्हणजे ही समोरची भिंत आतल्या मजल्यांचा हिशोब देत नाही, ती गावाकडे तोंड करून उभी असलेली एक घोषणा आहे. प्रश्न असा की ही घोषणा कोणी केली, आणि कोणाला उद्देशून?

यासाठी आधी त्या पडक्या टॉवरकडे जावं लागेल.

ऑगस्टिनियन साधू गोव्यात आले १५७२ मध्ये. जुने गोवे तेव्हा पूर्वेकडच्या पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी होती. तिथल्या एका टेकडीवर, जिला मोंते सांतो म्हणजे पवित्र टेकडी म्हणत, त्यांनी आपला मठ आणि चर्च उभारलं. चर्चचं नाव नोसा सेन्योरा दा ग्रासा. हे बांधकाम १५९७ ते १६०२ मधलं. दर्शनी भाग पाच थरांचा, दोन बाजूंना दोन मनोरे, आत प्रचंड रुंद दालन आणि त्यावर दगडी कमानीचं छत. आज जो एकटा टॉवर उरलाय तो त्या दोनपैकी एका मनोऱ्याचा तुकडा आहे, आणि तो तुकडाच सुमारे ४६ मीटर उंच आहे. साधारण पंधरा मजली बिल्डिंग धरा. एका श्रीमंत, ताकदवान धर्मसंघाचं ते मुख्यालय होतं, आणि नदीतून येणाऱ्या जहाजांना ते लांबून दिसावं अशी जागा निवडलेली होती.

त्यानंतर ऐंशी-एक वर्षांनी, १६८१ मध्ये, तळावलीत सांत आनाच्या नव्या इगर्जीचं काम सुरू झालं. जागेवर आधी लहान चर्च होतंच. त्याची एक दंतकथाही आहे: टेकडीवरून एक म्हातारी उतरताना गावकऱ्याला दिसली, डोक्यावर टोपी, हातात काठी, आणि मला या गावात घर हवंय असं म्हणाली. आजी असल्यामुळे बहुतेक तिने स्पष्टच सांगितलं. नवी इगर्ज सुरू करणारे होते फ्रान्सिस्को दो रेगो नावाचे विगार, म्हणजे त्या चर्चचे मुख्य पाद्री. पुरी केली आंतोनियो फ्रान्सिस्को दा कुन्हा यांनी, १६९५ मध्ये. म्हणजे चौदा वर्षं लागली.

नावं पोर्तुगीज आहेत म्हणून फसू नका. रेगो हे गोमंतकीय होते, इथल्या मातीतले. आणि इथे गोष्ट माझ्यासाठी एकदम इंटरेस्टिंग होते.

त्या काळच्या चर्चमध्ये पाद्रींचे दोन प्रकार होते. एक, मोठ्या संघांचे सदस्य: ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट. यांचे स्वतःचे मठ, जमिनी, युरोपातून येणारी माणसं. दुसरे, बिशपच्या हाताखालचे साधे पाद्री, जे गावोगावची चर्च सांभाळत. गोव्यात जन्मलेला, इथल्या रक्ताचा ख्रिस्ती तरुण कितीही हुशार असला, लॅटिन घडाघडा बोलत असला, तरी पहिल्या प्रकारात त्याला सहसा घेत नसत. कारण सरळ होतं, तो गोरा नव्हता. दुसऱ्या प्रकारात चालायचा. हा राग आत साचत होता. याच दशकात, १६८२ मध्ये, गोमंतकीय पाद्रींनी एकत्र येऊन स्वतःचाच एक समूह सुरू केला, ओरेटरी. जोसेफ वाझ, ज्यांना २०१५ मध्ये संतपद मिळालं, ते पुढे याच समूहात गेले.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. राजधानीत टेकडीवर एका संघाचं भव्य चर्च आहे. त्या संघाचं दार तुम्हाला बंद आहे. तुम्ही एका खेड्याचे विगार आहात. आणि तुम्ही ठरवता की आपल्या गावची इगर्ज बांधायची ती तशीच, पाच थरांची, दोन मनोऱ्यांची. ग्रासाच्या दर्शनी भागाचं आणि सांत आनाचं नातं अभ्यासकांनी कधीच ओळखलंय. ग्रासा हा नमुना होता. आम्ही याला 'फोर्क करणं' म्हणतो: दुसऱ्याचा प्रोजेक्ट उचलायचा, आपल्याकडे आणायचा आणि आपल्या पद्धतीने पुढे न्यायचा. रेगोंच्या मनात नेमकं हेच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण शेतात उभं राहून ती भिंत बघितली की मला तरी दुसरं काही सुचत नाही.

आणि नुसती कॉपी नाहीये ती. आकार लहान केलाय, सजावट वाढवलीय. कोनाड्यांच्या डोक्यावर शिंपल्याचा आकार आहे, उघडलेल्या पंख्यासारखा. हा आकार युरोपातही दिसतो, पण इथे तो इतक्या वेळा आणि इतक्या हौसेने येतो की आत फिरताना मला समुद्रकाठचं एखादं घर आठवत राहिलं. पाउलो व्हारेला गोमिश नावाचे पोर्तुगीज इतिहासकार होते. गोव्याच्या चर्चवर त्यांचं 'व्हाइटवॉश, रेड स्टोन' नावाचं पुस्तक आहे, २०११ चं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या इमारतींना 'भारतातली पोर्तुगीज वास्तुकला' म्हणू नका, आणि 'युरोपीय साच्यावर भारतीय नक्षी' असंही म्हणू नका. त्या गोमंतकीय आहेत, इथल्या ख्रिस्ती समाजाने स्वतःसाठी घडवलेल्या. मला हे पटतं. तळावलीत तर फारच.

बांधकाम चालू होतं ती चौदा वर्षंही साधीसुधी नव्हती. १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने जुने गोवे शहराच्या अगदी समोरचं सांत इस्तेव्ह बेट, म्हणजे जुवें, जिंकलं होतं. राजधानी हातची जाते की काय अशी वेळ. विजरई इतका हादरला की त्याने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. पुढे मोगल शहजादा शाह आलमची फौज कोकणात उतरली आणि मराठी सैन्य जानेवारीत मागे फिरलं. हे सगळं तळावलीहून काही फार लांब नव्हतं, त्याच तिसवाडीच्या टोकाला. इकडे पाया भरणारे लोक रोज संध्याकाळी काय बातम्या ऐकत असतील!

आणखी एक योगायोग. १६९५ मध्ये, इगर्ज पुरी झाली त्याच वर्षी, विजरईने जुने गोवे शहरातला आपला मुक्काम पणेलीला हलवला. साथीच्या रोगांनी शहर पोखरलं होतं. म्हणजे राजधानी रिकामी व्हायला लागली आणि खेड्यातलं चर्च उभं राहिलं, एकाच वर्षी.

इथे एक गोष्ट न सांगता पुढे जाणं मला बरं वाटणार नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. देवळांच्या नावावर असलेल्या जमिनींचं उत्पन्न पुढे चर्चकडे वळवलं गेलं. गावाची सामुदायिक जमीन सांभाळणारी गांवकारी, जिला पोर्तुगीज कोमुनिदाद म्हणत, तिच्यावर चर्चच्या खर्चाचा भार यायचा. तेव्हा या भिंतीत ज्या गावाचा अभिमान आहे, त्याच गावावरच्या जबरदस्तीचा इतिहासही आहे. दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं गाळणारे लोक दोन्ही बाजूंना भेटतात, तुम्हालाही कमेंटमध्ये भेटतील.

बरं, आता इंजिनिअरिंगकडे. माझी बीटेकची डिग्री कॉम्प्युटरची आहे, सिव्हिलची नाही, त्यामुळे सिव्हिलवाल्यांनी चुकलं तर कान धरा.

ही इमारत जांभ्या दगडाची आहे. कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको, तुमची घरंच चिऱ्यांची आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. बांधायला सोपा, स्वस्त, जवळच मिळणारा. पण त्याला एक मोठा दोष आहे. तो सच्छिद्र आहे, स्पंजसारखा. पाणी पितो. आणि गोव्यात वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ओला जांभा कमजोर होतो, भुसभुशीत व्हायला लागतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवाच. गोव्यातला चुना बराचसा शिंपले भाजून केलेला असायचा. म्हणजे ती पांढरी शुभ्र चर्च आपण फोटोसाठी बघतो ना, तो पांढरा रंग मुळात रेनकोट आहे.

हे किती गंभीर आहे त्याचं उदाहरण जुने गोव्यातच आहे. बॉम जेझुस बॅसिलिका, जिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. तिचा तो लालसर, उघड्या दगडाचा चेहरा सगळ्यांना भारी आवडतो. पण तो मूळचा नाही. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तिचा गिलावा काढून टाकला, दगड दिसावा म्हणून. तेव्हापासून पाऊस थेट दगडावर आपटतोय आणि दगड झिजतोय, आणि पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहे. जुनं दिसावं म्हणून केलेल्या बदलाने जुनं संपत चाललंय. आमच्याकडेही असा एखादा सीनियर असतोच, जो 'क्लीन-अप' म्हणून नेमकी ती एक ओळ काढतो जिच्यावर सगळं टिकून असतं.

तळावलीत दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे भिंती. एक पुस्तक अर्धवट उघडून टेबलावर पालथं ठेवा, घराच्या छपरासारखं. वरून हलकंसं दाबा. काय होतं? दोन्ही कडा बाहेर सरकतात. दगडी कमानीच्या छताचं हेच असतं. आतलं मुख्य दालन आहे त्याचं छत म्हणजे मोठं पिंप उभं कापून अर्धं पालथं घातल्यासारखं. ते वजन नुसतं खाली येत नाही, भिंतींना बाहेरही ढकलतं, रात्रंदिवस. युरोपात यासाठी बाहेरून टेकू देणारे मोठे दगडी खांब बांधतात. इथे भिंती जाड आहेत, आणि त्या जाडीच्या आत पोकळी आहे. माणूस चालू शकेल अशी. वरच्या बाजूला सज्जे आहेत, ज्यांच्या खिडक्या आतल्या दालनात उघडतात. म्हणजे एक जाड भिंत बांधण्याऐवजी अंतर ठेवून दोन भिंती, मध्ये बांधून घेतलेल्या. दगड कमी लागतो, पाया रुंद मिळतो, आणि ताठपणा येतो. पुठ्ठ्याच्या खोक्याचं तेच तर तत्त्व आहे. हे स्पष्टीकरण माझं आहे. गावात वेगळं सांगतात: या पोकळ भिंतींतून लोक कोणाच्या नजरेस न पडता पापाची कबुली द्यायला जायचे. दोन्ही गोष्टी एकमेकींना मारत नाहीत. आणि खरं सांगू, लहान गावात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं, तिथे असा बोळ ही मोठीच सोय म्हणायची.

खिडक्यांचंही सांगतो, पटकन. गोव्याच्या जुन्या चर्चमध्ये आणि घरांमध्ये काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्या लाकडी चौकटीत बसवत. हे शिंपले चिखलीच्या खाडीत अजून सापडतात. त्यातून येणारा उजेड दुधासारखा असतो, डोळ्याला टोचत नाही. दुपारी दीडच्या उन्हातून आत आल्यावर त्याची किंमत कळते.

आता मुख्य प्रश्न. नमुना होता राजधानीतला, श्रीमंत संघाचा, जास्त उंच, जास्त भक्कम. मग तो पडला का आणि गावातला उभा का?

उत्तर दगडात नाही, एका सरकारी हुकमात आहे.

१८३४ मध्ये पोर्तुगालमधल्या उदारमतवादी सरकारने सगळे धर्मसंघ बंद केले, त्यांची मालमत्ता जप्त केली. गोव्यात हा हुकूम १८३५ मध्ये लागू झाला. ऑगस्टिनियनांना मठ सोडून जावं लागलं. मोंते सांतोवरची ती अवाढव्य इमारत एका झटक्यात रिकामी झाली. शहर आधीच ओस पडलेलं, त्यामुळे आजूबाजूला राहणारं कोणी नाही. पावसाळ्याआधी कौलं चाळणारं कोणी नाही, भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप उपटणारं कोणी नाही. हुकमानंतर अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, दालनाचं कमानीचं छत कोसळलं. अडीचशे वर्षं टिकलेली गोष्ट सात पावसाळ्यांत गेली! छत गेल्यावर भिंती उघड्या पडल्या. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला, १९३८ मध्ये आणखी काही भाग. उरला तो तुम्ही फोटोत बघता तो तुकडा.

आणि तळावली? तो हुकूम संघांसाठी होता. गावची इगर्ज कोणत्याच संघाची नव्हती. ती होती बिशपच्या हाताखालच्या साध्या, गोमंतकीय पाद्रींच्या हातात, त्याच दुसऱ्या प्रकारच्या. ज्यांना संघात घेतलं नव्हतं त्यांना संघाबरोबर हाकलायचा प्रश्नच नव्हता. १८३५ च्या पावसाळ्यातही तळावलीत मिस्सा झाली असणार, कौलं चाळली गेली असणार. मला ही गोष्ट पहिल्यांदा नीट कळली तेव्हा मी त्या पायरीवर बसूनच राहिलो. दीडशे वर्षांपूर्वी जो अपमान होता, त्यानेच इमारत वाचवली.

त्यामुळे आज गंमत अशी झालीय की ग्रासाचा दर्शनी भाग पूर्ण असताना कसा दिसत असेल हे समजून घ्यायचं तर जुनी चित्रं, मोजके फोटो आणि तळावली. जुने गोव्याचे अवशेष बघून थेट इथे या, डोक्यात उरलेला भाग आपोआप भरला जातो. मूळ सर्व्हर गेला, बॅकअप खेड्यात चालू आहे.

एक छोटंसं विषयांतर. पडल्यावरही मोंते सांतोने एक मोठं काम केलं. केतेवान नावाची जॉर्जियाची राणी होती. १६२४ मध्ये शिराझमध्ये शाह अब्बासच्या हुकमाने तिला मारलं, धर्म बदलायला नकार दिला म्हणून. तिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणून याच मठात ठेवले होते. भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं, त्यात मिळालेल्या हाडाची हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये ते अवशेष भारताने जॉर्जियाला दिले. जुन्या पोर्तुगीज कागदात लिहिलं होतं की पेटी कुठल्या खिडकीपाशी ठेवलीय. भिंती पडल्या तरी नोंद टिकली. डॉक्युमेंटेशन लिहायचा कंटाळा करणाऱ्यांनी, म्हणजे मी धरून सगळ्यांनी, हे लक्षात ठेवावं.

१९८६ मध्ये युनेस्कोने गोव्याच्या चर्चना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात जुने गोव्यातल्या इमारती आहेत. सेंट ऑगस्टीनचे पडके अवशेष त्या यादीत आहेत. तळावलीची उभी इगर्ज नाही. त्यामागे नियम असतील, यादी एका परिसरापुरती आहे हेही समजतं. तरी मला ते खटकतं. पडलेल्याला तिकडे बसगाड्या भरून माणसं येतात, आणि इथे त्या दुपारी मी, एक झाडणाऱ्या मावशी आणि ते रस्त्यातलं कुत्रं, एवढेच होतो.

मावशींना मी विचारलं, इथे गर्दी कधी असते? त्या म्हणाल्या, "तवशांच्या फेस्ताला ये रे बाबा, मग कळेल."

२६ जुलै हा सांत आनाचा दिवस. त्याच्या आसपासच्या रविवारी इथे फेस्त असतं, आणि त्याला तवशांचं फेस्त म्हणतात. तवसं म्हणजे काकडी, आपल्या कोकणात जिला आपणही तवसंच म्हणतो ती पावसाळी मोठी काकडी. नवी लग्नं झालेली, मूल हवं असलेली जोडपी सांत आनाला तवसं वाहतात. आजीच ती, तिच्याकडे नाही मागायचं तर कोणाकडे! यामागे पोर्तुगीज यमकांचा खेळ आहे. काकडीला पेपिनो म्हणतात आणि बाळाला मेनिनो. लग्नाळू मुलगा चमचा वाहतो, कारण चमचा कोल्येर आणि बायको मुल्येर. आणि मुलगी वाहते उडीद, कारण नवऱ्याला म्हणतात मारिदो. हे शेवटचं मला सगळ्यात आवडतं: उडीद आपला, मारिदो त्यांचा, आणि यमक दोघांचं मिळून. हिंदू कुटुंबंही येतात. त्या दिवशी पायऱ्यांवर काकड्यांचे ढीग असतात, बाहेर खाजं आणि चण्यांची दुकानं.

आणि फेस्त जुलैमध्ये येतं, ऐन पावसात. म्हणजे दरवर्षी, जेव्हा इमारतीवर सगळ्यात जास्त मारा होत असतो, नेमकं तेव्हाच अख्खं गाव आणि बाहेरगावचे लोक तिच्या आत येऊन वर बघतात. कुठे गळतंय, कुठे ओल आलीय, कुठला गिलावा सुटलाय, हे शेकडो डोळ्यांना दिसतं. कोणी मुद्दाम ठरवलेलं नाही हे. पण देखभालीचं यापेक्षा चांगलं वेळापत्रक मला तरी माहीत नाही.

जायचं असेल तर: स्वतःची गाडी किंवा स्कूटर घ्या, मॅपवर 'सांताना तळावली' टाका. ('गोवा वेल्हा' टाकलंत तरी चालेल, चहा चांगला मिळतो.) सकाळी जा, दुपारी दार बंद असू शकतं. मिस्सा चालू असेल तर बाहेर थांबा, फोटो नंतर. आत गेलात की आधी मागे वळून दाराच्या वरचा सज्जा बघा, मग छत, मग वेदीकडे जा. आणि तेच दिवस धरून जुने गोव्याला, मोंते सांतोवर. क्रम उलटा केलात तरी चालेल, पण दोन्ही एकाच दिवशी बघा.

मोंते सांतोवर पोचाल तेव्हा टॉवरच्या वरच्या कमानीत बघा, तिथे घंटा टांगायची रिकामी जागा दिसेल. ती घंटा कुठे गेली असं मीही विचारत बसलो होतो. मठ ओस पडल्यावर तिला आग्वादच्या किल्ल्यावर नेलं, तिथल्या दीपगृहासाठी. तिथून १८७१ मध्ये ती पणजीला आली. पणजीच्या मध्यावर, त्या नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांचं चर्च आहे ना, जिथे प्रत्येक जण सेल्फी काढतो, तिथेच ती सगळ्यात वर टांगलेली आहे. आकाराने ती गोव्यात दुसऱ्या नंबरची आहे असं म्हणतात. मी संध्याकाळी परतताना पायऱ्यांसमोर स्कूटर लावली आणि वाट बघत थांबलो. थोड्या वेळाने वाजली.